सहा घरं, एक नळी

चाकसूला शेतातल्या बाजेवर जुन्या धोतराची घडी उलगडली आणि आतून रिव्हॉल्व्हर निघालं. जयपूरहून टोंककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चाळीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. मोहरी कापून झाली होती आणि शील की डूंगरीवरच्या शीतलामातेच्या जत्रेला माणसं निघाली होती. आपल्या पंचांगात अजून फाल्गुन वद्य पक्ष होता, तिकडच्या पंचांगात मात्र चैत्र लागलेला. माझा आतेभाऊ अण्णा फौजेतून निवृत्त झाला तो जयपुरातच राहिला आणि चाकसूला थोडी जमीन घेऊन रमला. शेजारच्या काकासांना वयोमानामुळे आता परवाना ठेवायचा नव्हता, हत्यार विकून मोकळं व्हायचं होतं. अण्णाकडे परवाना आहे आणि हौस तर लहानपणापासूनची. मी आयुष्यभर पुण्यात डिप्लोमाच्या मुलांना मोजमापाचं शास्त्र शिकवलं. अण्णा फोनवर एवढंच म्हणाला, "तुझं फीलर गेज घेऊन ये. घ्यावं की नाही, ते लोखंड बघून सांग."

काकासांनी सिलिंडर बाहेर पाडून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं, मग अण्णानं पाहिलं, मग मी. तिघांनी तेच पाहायचं, हा अण्णाचा फौजी नियम. मालक समोर बसलेला असतानाच मी ते हातात घेतलं. किलोभराहून जास्तच वजन असेल. निळसर काळा रंग कडांना उडून आतलं पोलाद चकाकत होतं, लाकडी मूठ घामानं गडद झाली होती. नळीवर कोरलेलं होतं: .३५७ मॅग्नम. गावात सगळे याला 'पंचेचाळीस बोर' म्हणत. मोठं हत्यार म्हणजे पंचेचाळीस, असा सगळीकडचाच समज आहे.

या आकड्यांपासूनच नवल सुरू होतं. आपण 'बारा बोर' म्हणतो आणि 'बत्तीस बोर'ही म्हणतो, पण ही दोन अगदी वेगळी मापं आहेत. बारा बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल ती नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. या पद्धतीत आकडा वाढला की भोक लहान होतं. बत्तीस बोर मात्र इंचाचे शंभर भाग करून त्यातले बत्तीस, म्हणजे आकडा वाढला की भोक मोठं होतं. एकाच परवान्याच्या पुस्तिकेत दोन्ही शेजारी लिहिलेली असतात आणि कुणालाही खटकत नाही. जुन्या काळी रिव्हॉल्व्हरही पौंडाच्या हिशेबानं मोजत. १८५७ च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांकडे असलेलं ॲडम्सचं रिव्हॉल्व्हर चोपन्न बोरचं होतं. शिशाची घनता घेऊन मी कागदावर गणित केलं, तर पौंडाच्या चोपन्नाव्या भागाची गोळी सव्वाअकरा मिलिमीटरची आली. इंचात .४४२. एवढ्या जुन्या कारागिरांचं माप शाळकरी भूमितीत असं तंतोतंत उतरलेलं पाहून मला फार आनंद झाला.

आणि .३५७? हा आकडा खरा आहे, गोळी तेवढ्याच जाडीची असते. पण त्याच जाडीची गोळी असलेल्या जुन्या काडतुसाचं नाव .३८ स्पेशल. .४४ मॅग्नमची गोळी .४२९ इंच भरते. एके काळी गोळी काडतुसाच्या पितळी नळकांड्याइतकीच जाड असे आणि नाव त्या नळकांड्यावरून पडे. पुढे गोळी बारीक होऊन पितळेच्या आत गेली, नाव तेच राहिलं. मॅग्नम हे त्या .३८ चं मोठं भावंड. १९३५ मध्ये ते आलं तेव्हा पितळेची लांबी मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटरनं वाढवली, म्हणजे हे जोरकस काडतूस जुन्या, अशक्त रिव्हॉल्व्हरच्या घरात पुरतं शिरूच नये. धाकट्याचं काडतूस थोरल्याच्या घरात बसतं, थोरल्याचं धाकट्याच्या घरात बसत नाही. ताकीद, पाटी काही नको. साडेतीन मिलिमीटर पितळच पहारेकरी झालं.

आपल्या देशातला कायदासुद्धा नेमका याच भाषेत बोलतो, म्हणून मला तो वाचताना रोमांच उभे राहिले. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत प्रतिबंधित बोरांची यादी आहे आणि तिच्यात हत्याराच्या ताकदीचा शब्दही नाही. .३८० किंवा .४५५ चं कड असलेलं काडतूस, किंवा सैन्याचं ९ मिलिमीटरचं किंवा .४५ चं बिनकडेचं काडतूस ज्याच्या घरात बसेल आणि उडेल, असं कुठल्याही बोरचं पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित. रायफलींचंही तसंच: .३०३ आणि ७.६२ चं सैनिकी काडतूस जिच्यात बसेल ती सामान्य परवान्यावर मिळत नाही. तर्क वाचताक्षणी उमगतो. सरकारी कोठारातून फुटलेलं काडतूस घरच्या हत्यारात चालता कामा नये. इच्छापूरच्या कारखान्याची नागरिकांसाठीची रायफल .३१५ ची असते, भोकानं .३०३ पेक्षा मोठी. मोठं चालतं, लहान चालत नाही, कारण प्रश्न मोठ्या-लहानाचा नाहीच. कुणाच्या घरात कुणाचं काडतूस शिरतं, हा प्रश्न आहे.

यातून चमत्कारिक वाटावं असं चित्र तयार होतं. .३८० हे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश फौजेचं काडतूस. गोळीची ऊर्जा दोनशे ज्यूलच्या आसपास, तरी ते प्रतिबंधित. .३५७ मॅग्नमची ऊर्जा सातशे ज्यूलच्या वर, आणि ते नाही. .३८० चं पितळ किंचित जाड असल्यामुळे मॅग्नमच्या घरात बसत नाही, एवढ्याच फरकावर. काकासांचं रिव्हॉल्व्हर खरोखरच जुनं वेब्ली .४५५ असतं तर आमचं बोलणं तिथंच संपलं असतं. प्रतिबंधित बोरचा परवाना केंद्र सरकारखेरीज कुणी देत नाही, आणि तो नसताना असं हत्यार बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची, वाढली तर चौदा वर्षांची कैद आहे. त्यात 'हत्यारावर .४५५ लिहिलेलं नाही' ही सबब चालत नाही. नियम कोरलेल्या आकड्याकडे बघत नाही, घराच्या पोटाकडे बघतो. वेब्लीच्या काही रिव्हॉल्व्हरांवर .४५५ आणि .४७६ असे दोन्ही आकडे सापडतात, कारण त्यांची घरं दोन्ही काडतुसं सामावतात. जुनं मोठं रिव्हॉल्व्हर बघायला गेलात तर सर्वात आधी घर काय गिळतं ते बघा, रंगरूप नंतर.

मोठ्या गोळीची ही ओढ आली कुठून? तिची एक मुळी याच मुलखातून जाते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर पडल्यावर तात्या टोपे जयपूरच्या रोखानं निघाले. नसिराबादहून जनरल रॉबर्ट्स त्यांच्या आधी जयपूरला पोचला, तेव्हा तात्या टोंककडे वळले. टोंकचा नबाब किल्ल्यात दडून बसला आणि बाहेर ठेवलेली त्याची फौज चार तोफांसकट तात्यांना मिळाली. चाकसू जयपूर आणि टोंकच्या मध्ये आहे. त्या वर्षीच्या पावसात घोड्यांच्या टापांनी हा सगळा प्रदेश ढवळून निघाला होता. पाठलागावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला मुख्यतः दोन तऱ्हेची रिव्हॉल्व्हरं असत: अमेरिकन कोल्ट, .३६ ची बारीक गोळी, आणि इंग्लिश ॲडम्स, ती चोपन्न बोरची. पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला आणि स्वतःचं वेगळंच रिव्हॉल्व्हर घडवणारा फॉसबेरी नावाचा अधिकारी त्या काळातली एक ऐकीव हकिकत सांगत असे. नेमबाजीचा अभिमान असलेल्या एका अधिकाऱ्यानं तलवार घेऊन धावून येणाऱ्या शिपायावर कोल्टच्या सहाही गोळ्या झाडल्या. पाच छातीत लागल्या आणि पाठीतून बाहेर पडल्या. तरी शिपाई थांबला नाही. त्यानं अधिकाऱ्याचं डोकं दुभंगलं आणि मग तो शेजारी कोसळून मेला.

अशा हकिकतींतून इंग्रजांनी धडा काढला तो मोठ्या गोळीचा. १८८७ मध्ये त्यांच्या फौजेनं वेब्ली स्वीकारलं, पुढे त्याचं .४५५ साम्राज्यभर फिरलं. मी ती हकिकत वाचतो तेव्हा मला पाच गोळ्या छातीत घेऊन पुढची पावलं टाकणारा तो बिननावाचा शिपाई दिसतो. भोकाच्या मापाचा सगळा वाद त्याच्या छातीवर उभा आहे.

आता अण्णाच्या मनातला समज. त्याला वाटत होतं, मोठी गोळी माणसाला मागे फेकते. फौजेत राहूनही सिनेमानं त्याच्यावर मोहिनी घातलेली. मी त्याला क्रिकेटचा चेंडू मोजून दाखवला. चेंडू साधारण १६० ग्रॅम. वेगवान गोलंदाजानं ताशी १४० किलोमीटरनं टाकला तर त्याची ऊर्जा १२० ज्यूलच्या आसपास. .३२ च्या गोळीची ऊर्जा दीडशेच्या आत-बाहेर, म्हणजे चांगल्या बाउन्सरपेक्षा जराशीच जास्त. .४५५ ची २९० च्या घरात, .३५७ मॅग्नमची सातशे वीस-पंचवीस. इथपर्यंत अण्णा खुशीत मान डोलवत होता. मग मी ऊर्जा सोडून संवेग काढला, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ढकलण्याची खरी ताकद. चेंडूचा संवेग सहाच्या वर आला, .४५५ चा तीनच्या जरासा वर, मॅग्नमचा चारच्या आत. चेंडू खेळाडूला मागे फेकत नाही, तर गोळी कशी फेकेल? आणि जेवढा धक्का गोळीला, तेवढाच झाडणाऱ्याच्या मनगटाला. तो माणूस तर उभाच असतो. गोळी जे करते ते भोक पाडून करते. .३२ आणि .४५५ च्या गोळ्यांच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढलं तर मोठीचं दुपटीहून थोडं जास्त भरतं. फरक एवढाच. बाकी सगळं कुठे लागलं त्यावर. अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे बुमराचा चेंडू जास्त ढकलतो?" ढकलतो.

मग लोखंडाकडे वळलो.

रिव्हॉल्व्हर बहुतेकदा सहा घरांचं का असतं, हे मी काकासांच्या नातवाला दहाच्या नाण्यांनी दाखवलं. एक नाणं मध्ये ठेव, त्याला चिकटून तेवढीच नाणी मांड. बरोबर सहा बसतात, सातव्याला जागा उरत नाही आणि फटही राहत नाही. मधमाशीचं पोळं याच भूमितीवर चालतं. मधल्या नाण्याच्या जागी सिलिंडरची आस, भोवतीच्या सहा नाण्यांच्या जागी सहा घरं. नाणी मात्र एकमेकांना टेकतात. घरांच्या मध्ये पोलादाची भिंत हवी. गोळी जाड करत गेलं की भिंत पातळ होते, नाहीतर सिलिंडर फुगवावं लागतं आणि हत्यार हातात मावेनासं होतं. मोठ्या भोकाची किंमत या भिंतीत मोजली जाते.

आणि ती भिंत काय सोसते! मोटारीच्या चाकात आपण बत्तीस पौंड हवा भरतो. मॅग्नमच्या घरात बार उडतो तेव्हा दाब पस्तीस हजार पौंडांपर्यंत चढू शकतो, चाकाच्या हजारपट. .३२ मध्ये पंधरा हजारांपर्यंत. हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो, आणि पोलाद ताणलं जाऊन पुन्हा जागेवर येतं. आलं नाही तर घर कायमचं फुगतं, म्हणून जुन्या हत्यारात पहिली नजर तिथं टाकायची. बऱ्याच सहा घरांच्या सिलिंडरवर बाहेरून ज्या खाचा असतात, त्या नेमक्या घराच्या माथ्यावर, म्हणजे भिंत सर्वात पातळ असते तिथं येतात. त्या खाचांवर मी नख फिरवलं, टॉर्च तिरपा धरला. फुगवटा नाही, तडा नाही. मात्र एका घराच्या कडेला कानशीनं कुणीतरी बारीक ठिपका केला होता. गंजाची जागा असेल म्हणून मी पुढे गेलो.

नळीत मागून पांढरा कागद धरून पुढून पाहिलं. आतल्या खाचा गोल गोल वळत जाताना शंखाचा आतला भाग दिसावा तशा दिसतात. नळी कधी फुगली असेल तर त्या उजेडात एक काळं कडं उमटतं. एखादा बार कमजोर निघून गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी झाडली गेली, तर असं कडं पडतं. इथं नव्हतं. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर मात्र ज्वाळेनं खाल्लेली बारीक रेघ होती. मॅग्नम झाडलेल्या हत्यारात ती सापडतेच.

ती रेघ कशामुळे पडते, ते कळलं की या यंत्राविषयी आदर दुप्पट होतो. बंदुकीची नळी अखंड असते. रिव्हॉल्व्हरची नळी मधे कापलेली आहे. मागचा तुकडा म्हणजे घर, ते फिरतं; पुढचा तुकडा स्थिर. प्रत्येक बाराला दोन्ही तुकडे पुन्हा एका रेषेत यायचे, आणि गोळीनं एका तुकड्यातून दुसऱ्यात उडी मारायची. मधे फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. त्या फटीतून तप्त वायू दोन्ही बाजूंना करवतीसारखा बाहेर पडतो, म्हणून तिथं बोट कधीच ठेवायचं नाही. चांगल्या हत्यारात ही फट एक ते दोन दशांश मिलिमीटर असते, वहीच्या दोन पानांएवढी. १८३६ मध्ये सॅम्युएल कोल्टला अमेरिकेत पेटंट मिळालं तेव्हा फटी मोजणारं असलं फीलर गेज गावोगाव मिळत नव्हतं. तेव्हाच्या माणसांनी हे कानशीनं जमवलं.

मी गेजची पाती घातली. ०.१५ मिलिमीटरची सहज गेली. छान. मग अंगठ्यानं सिलिंडर मागे दाबून पुन्हा घातली, तर ०.३० चीही गेली. म्हणजे सिलिंडर आसेवर पुढेमागे सरकत होतं. बार उडाला की ते मागे आपटणार, प्रत्येक आपटीनं फट वाढणार, आणि वाढलेल्या फटीतून आपटी आणखी जोराची. हा रोग बरा होतो. पातळ वायसर घालून कुशल माणूस तो काढतो, पण त्या माणसाकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना हवा, आणि त्याला त्या मॉडेलचे भाग मिळायला हवेत. परदेशी हत्यारांची खासगी आयात आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. जी आली ती तेव्हाच आली. तेव्हापासून ती एका हातातून दुसऱ्या हातात फिरताहेत, झिजताहेत, आणि तुटवड्यामुळे लाखांनी महाग होताहेत. दुसरीकडे कुठे वापरलेलं रिव्हॉल्व्हर नव्याहून स्वस्त मिळत असेल, आपल्याकडे जुनंच महाग. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं ते १ लाख २२ हजार ३६० रुपयांना, आणि तेव्हा ते महाग म्हणून वर्तमानपत्रांत गाजलं. काकासांना कुणीतरी त्याच्या कितीतरी पट किंमत सांगून ठेवली होती.

शेवटची परीक्षा कानाची. घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. आत एक पंजा सिलिंडरच्या मागच्या दात्याला ढकलतो, विहिरीच्या रहाटाला असतो तसाच दाता. सिलिंडर बरोबर साठ अंश फिरतं आणि खालून एक खुंटी खाचेत पडते. खट्. ही खट् घोडा पूर्ण मागे जाण्याच्या आधी आली पाहिजे. उशिरा आली किंवा आलीच नाही, तर घर आणि नळी एका रेषेत नाहीत. नळीच्या मागच्या तोंडाला नरसाळ्यासारखा उतार दिलेला असतो, थोडी चूक तो सांभाळून घेतो. जास्त झाली की गोळीचं शिसं तासलं जाऊन फटीतून शेजारच्या माणसाच्या गालावर उडतं. मी सहाही घरं मोजली. पहिलं, खट्. दुसरं, खट्. तिसरं, खट्. चौथं... घोडा पूर्ण मागे गेला, आवाज नाही. अंगठ्यानं सिलिंडर केसभर ढकललं तेव्हा खट्. पाचवं, सहावं नीट. तीनदा फिरवलं, तीनदा तसंच. त्या एका दात्याचं पोलाद झिजलं होतं.

काकासांनी काडतुसांचा डबा आणला. नऊ उरली होती, सगळी परदेशी, आणि पितळ कळकलेलं. आंबट ताक ठेवलेलं पितळेचं भांडं आतून जसं हिरवं पडतं, तसे हिरवे डाग काडतुसांच्या बुडाला. हे मला सगळ्यात मोठं कोडं वाटतं. रिव्हॉल्व्हर शंभर वर्षं टिकेल, काडतूस संपलं की ते संपलं. घरी काडतूस भरणं परवान्याशिवाय गुन्हाच. आपल्या कारखान्यांतून नागरिकांच्या रिव्हॉल्व्हरसाठी नियमानं निघतं ते मुख्यतः .३२ चं.

मी हे सांगत असताना अण्णा आत गेला आणि त्याचं स्वतःचं डबडं घेऊन आला. कारण प्रश्न एका हत्याराचा नव्हता. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. अण्णाकडे बारा बोर आहे आणि कानपूरचं .३२. मॅग्नम घ्यायचं तर यातलं एक द्यायचं. बारा बोर तो सोडणार नाही, रोजडांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप मोहरीत शिरतात तेव्हा हवेत एक बार लागतो. म्हणजे जायचं होतं ते .३२. त्यानं त्याचं एक काडतूस माझ्या तळहातावर उपडं ठेवलं. पितळी बूड, मधे टोपीचा गोल ठिपका, आणि भोवती कोरलेली दोन अक्षरं: के एफ. किरकी फॅक्टरी. खडकीचं इंग्रजांनी केलेलं नाव अजून त्या शिक्क्यात जिवंत आहे. १८६९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याच्या भिंतीवरून मी शेकडो वेळा सायकल मारत गेलो. त्या भिंतीआडून निघालेली सहा ग्रॅमची गोळी चाकसूच्या बाजेवर माझ्या हातात आली.

मोठ्या बोरच्या प्रेमात पडलेल्या माणसांना .३२ चं हसू येतं. पण जगभरच्या सेंटर फायर पिस्तुलाच्या स्पर्धांत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतच्या कुठल्याही बोरची मुभा असताना बहुतेक नेमबाज हेच .३२ लाँग पसंत करतात. धक्का कमी, मनगट पुन्हा चटकन नेमावर. पंचवीस मीटरवर भोक कुठे पाडायचं ते ठरवता येणं हेच कौशल्य, आणि ते येतं सरावानं. सरावाला काडतुसं लागतात. दुकानात मिळणारं काडतूस घेऊन महिन्यातून एकदा नेमबाजी करणारा माणूस हा नऊ कळकलेली काडतुसं जपणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी सज्ज, असं माझं ठाम मत आहे.

"अण्णा, शेवटचा बार कधी मारलास?"

"गेल्या दिवाळीनंतर नाही."

"मग जवळजवळ पाचपट ताकदीचं हत्यार घेऊन काय करणार आहेस?"

तो काही बोलला नाही. माझं मत मी सांगितलं: घेऊ नकोस. चौथ्या दात्याची दुरुस्ती जमेलही, सरकणारं सिलिंडर जमेल, काडतुसं जमणार नाहीत. आणि त्यासाठी खडकीचं काडतूस खाणारं, नव्यासारखं .३२ देऊन टाकायचं, हे मला पटत नाही. अण्णानं दोन-तीनदा मॅग्नम उचललं, मुठीत तोललं, खाली ठेवलं. मग काकासांना म्हणाला, "काकासा, हे माझ्याकडून होणार नाही."

काकासांचा चेहरा पडला नाही. विकायचंच असेल तर काय करायचं, ते अण्णानं त्यांना नीट समजावलं: परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, किंवा परवाना असलेलं दुसरं गिऱ्हाईक मिळालं, तर त्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हाधिकाऱ्यांना नाहीतर जवळच्या ठाण्याला कळवा, आणि पंचेचाळीस दिवस जाऊ द्या, त्याआधी हत्यार हाताबाहेर सोडू नका. काकासांनी मान डोलवली. पंचेचाळीस म्हटल्यावर नातू मोठ्यानं म्हणाला, पंचेचाळीस बोर! आणि नाणी गोळा करायला लागला.

मी शिक्षकाच्या सवयीनं काकासांना दोष दाखवायला गेलो. म्हटलं, काकासा, जो कुणी घेईल त्याला सांगा, यातलं एक घर उशिरा लागतं, त्यात गोळी घालू नको म्हणावं. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, सिलिंडर पाडून ते उजेडाकडे फिरवलं आणि कानशीच्या त्या बारीक ठिपक्यावर नख ठेवलं.

"हे ना?" ते म्हणाले. "घेतलं त्याच वर्षी कानाला कळलं होतं. मी हे घर कधी भरलंच नाही."